एका मापाच्या वाती

"मामा, 'एकसारखे करणे' घालून एक वाक्य सांग की."

तिम्मामामा पालाच्या सावलीत गोणपाट अंथरून बसला होता. मांडीवर वातीची गुंडाळी, हातात चाकू, ओठात न पेटवलेली विडी. वात म्हणजे सुरुंगाची. सुतळीपेक्षा थोडी जाड, वरून डांबर फासलेली आणि पोटात दारूची बारीक धार असलेली. एका टोकाला पेटवली की ती सुरसुरत दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथे खडकात ठासलेली दारू उडते. मी त्याच्यासमोर पाटी घेऊन मांडी घालून बसले होते.

"गुरुजींनी काम लावलंय व्हय?"

"व्हय. घरातल्या सगळ्यांस्नी विचारायचं. कोण हा शब्द कशासाठी वापरतं ते लिहून आणायचं."

"अर्थ काय सांगितला गुरुजींनी?"

"लहानमोठं, कमीजास्त राहू न देणं. सगळं एका मापाचं करणं."

"बरं. आक्कानं काय सांगितलं?"

"'आव्वाने गोधडीच्या कडा एकसारख्या केल्या.' आणि आप्पा म्हणाले, 'विहिरीचा काठ एकसारखा केला नाही तर माती ढासळते.' आता तुझं राहिलं."

मामाने वातीवर चाकू फिरवला, तुकडा आधीच्या तुकड्यांशेजारी ठेवला आणि त्या सगळ्यांवरून तळहात फिरवून टोकं जुळवली. मग माझ्याकडे बघून हसला.

"लिही, गुरुजीबाई. 'मामाने वाती एकसारख्या केल्या.'"

मी लिहिलं. लिहून झाल्यावर गोणपाटाकडे नीट पाहिलं. तुकडे खरोखरच एका मापाचे होते.

"पण मामा, वाती तर लहानमोठ्या असतात."

"दाजींच्या असतात," मामा म्हणाला. "मोठ्या खाणीवर कुणी असली लहानमोठी कापत न्हाई. तिकडं समदं एका मापाचं."

आमचं बिऱ्हाड विहिरी खणत गावोगाव फिरायचं. त्या वर्षी आम्ही माणदेशातल्या एका वाडीवर संपतराव सस्त्यांची विहीर घेतली होती. आप्पा म्हणजे माझे वडील, दुर्गाप्पा. आव्वा म्हणजे आई, मामा तिला आक्का म्हणायचा. हाताखाली आव्वाचा धाकटा भाऊ तिम्मा, आणि दगड वर ओढायला संपतरावांचे दोन गडी. मी जिथे पाल पडेल तिथल्या शाळेत जायची. माती आणि मुरूम कधीच संपला होता. आता खाली काळा पत्थर लागला होता. पहार आणि घण घेऊन त्यात भोकं पाडायची, दारू ठासायची, वात लावायची आणि उडवायचं, असं चाललं होतं.

आमच्या घरात सुरुंगांना नावं होती. एका वेळी पाच भोकं भरायची. सगळ्यांत आखूड वातीचं ते पोरगं, कारण ते आधी उडायचं. त्यापेक्षा चार बोटं लांब ती सून. मग लेक, मग म्हातारी आणि सगळ्यांत लांब वातीचा, सगळ्यांत शेवटी उडणारा म्हातारा. आप्पा खाली उतरून आधी म्हाताऱ्याला पेटवायचे आणि शेवटी पोराला, मग दोराच्या शिडीवरून वर यायचे. आम्ही दगडांच्या ढिगाआड बसायचो. धडाका झाला की मी ओरडायची, "पोरगं गेलं!" मग, "सून गेली!" दोन आवाजांच्या मध्ये चांगलं अंतर असायचं. एखादं नाव राहून गेलं, तर ते कोणतं भोक हेही कळायचं. मग त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही.

ओरडायचं काम माझ्याकडे होतं, कारण आप्पांचे कान आयुष्यभराच्या धडाक्यांनी बोथटले होते. त्यांनीच मला ऐकायला शिकवलं होतं. किती शांतपणे शिकवायचे ते! दगड फुटल्याचा आवाज वेगळा, फुटलेला दगड काठावर आपटल्याचा वेगळा, आणि डोंगरावरून परत येतो तो घुमारा वेगळा. चुकलं तर रागवायचे नाहीत. "पुन्हा डोळं मिटून आठव," एवढंच म्हणायचे.

त्या दिवशी आप्पा पहारींना धार लावून आणायला लोहाराकडे गेले होते. ते गेल्यावर संपतराव आले. विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तिम्मा, पत्थराला घाम सुटलाय रे. पाणी जवळच हाय. आज उडवा."

"दाजी येऊ द्यात."

"का? तुला एकट्याला जमत न्हाई?"

मामाच्या मनाला ते लागलं, हे मला दिसलं. आप्पा त्याला भोकं पाडू द्यायचे, दारू ठासू द्यायचे, पण वात कापायचं काम आजवर त्याच्या हाती दिलं नव्हतं. गुंडाळी संपत आली होती आणि नवी तालुक्याच्या बाजारातच मिळायची. मामाने उरलेली सगळी वात पोराच्या मापाने कापली. पाच तुकडे आजचे आणि पाच पुढच्या खेपेचे. वात वाचली म्हणून तो खूश होता. मग तो खाली उतरला, पाचही भोकं भरली, वाती लावल्या आणि वरून ओली माती ठासून वर आला.

"आज सगळेच जावई," मला म्हणाला. "एका मापाचे, एका तोऱ्याचे!"

मी खूप हसले.

आप्पा आले तेव्हा ऊन चढलं होतं. त्यांनी पहारी खाली ठेवल्या, सवयीने विहिरीच्या काठावर गेले आणि खाली पाहिलं. बराच वेळ ते तसेच वाकून उभे राहिले. खडकातून वातींची पाच शेपटं वर आली होती. पाचही सारखीच.

"तिम्मा," ते म्हणाले, "वाती कुणी कापल्या?"

"मी. का? झ्याक कापल्यात की."

"बाकीची गुंडाळी कुठं हाय?"

मामाने गोणपाटावरचे पाच तुकडे दाखवले. आप्पांनी एक उचलला, वितीने मापला आणि परत ठेवला. रागावलेला माणूस मला कळायचा. आप्पा रागावले नव्हते. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

"ही पोराची वात हाय," ते म्हणाले. "पोराला सगळ्यांत शेवटी पेटवतात. पेटवलं की पळायचं. आता पाचही पोरंच. पहिलं पेटवलं की तिथूनच पळायची वेळ सुरू. बाकीची चार पेटवायची कधी आणि वर यायचं कधी?"

मामाचं हसू मावळलं. पण तो हट्टाने म्हणाला, "चटाचट पेटवतो की. माझं पाय तरणं हायती."

"चटाचट पेटवलंस तर चटाचट उडतील. मोजायचं कसं?"

"मग काढू या का वाती? नव्या आणून लावू."

"ठासलेलं भोक उकरतात व्हय?"

ठासलेली दारू पहारीने उकरायला जाणं म्हणजे काय, ते आमच्या बिऱ्हाडात मलासुद्धा ठाऊक होतं. आव्वाचा थोरला भाऊ तसाच गेला होता. आव्वा पालाच्या दाराशी उभी होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं.

आता भरलेले सुरुंग तसेच ठेवता येत नव्हते आणि काढताही येत नव्हते. पेटवणं एवढाच मार्ग होता.

"मी उतरतो," आप्पा म्हणाले.

"तुमचा गुडघा धरलाय, दाजी. शिडीवर निम्म्यात अडकाल. मी केलंय, मीच निस्तरतो." मामाने विडी काढून कानावर खोचली. "काय गं गुरुजीबाई, मोजशील ना नीट?"

मी मान हलवली.

आप्पांनी मला बाजूला घेतलं. खाली बसले, माझ्या डोळ्यांसमोर डोळे आणले. "तिपी, आज नावं घेऊ नगंस. आज कोण कुठला ते कळायचं न्हाई. आवाज झाला की एक बोट मिटायचं. घुमारा धरायचा न्हाई. दगड पडल्याला धरायचा न्हाई. कळलं?"

"व्हय, आप्पा."

गड्यांनी गुरं लांब हाकलली. संपतराव बांधाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. आप्पांनी तीन वेळा हाळी दिली, "सुरुंग हाय रेऽऽ! लांब पळा रेऽऽ!" मामा शिडीवरून खाली गेला. आव्वा आणि मी ढिगाआड बसलो. आप्पा मात्र काठावरच पालथे पडले होते. शिडीचा दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, जसं काही मामा वर येताना त्यांना त्याला ओढूनच घ्यायचं होतं.

खालून मामाचा आवाज आला, "पेटली!"

मग काही नाही. मी ढिगाच्या फटीतून बघत होते. आव्वाचा हात माझ्या दंडावर होता आणि तिची नखं रुतत होती.

"दुसरी!"

"तिम्मा, बस कर, वर ये!" आप्पा ओरडले.

"तिसरी! चौथी!"

"वर येऽ!"

पाचवीचं तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. शिडीचा दोर ताणला, हिसके बसू लागले. आप्पांनी हात खाली घातला, मामाचं मनगट धरलं आणि त्याला काठावर ओढलं. दोघं उठले, चार पावलं धावले आणि आमच्या ढिगाआड येऊन कोसळले. तेवढ्यात पहिला उडाला.

जमीन हादरली. मी करंगळी मिटली. लगेच दुसरा. दुसरं बोट मिटलं. मग एक मोठा आवाज झाला, फार मोठा, जाड. त्याला जशी दोन तोंडं होती. किंवा तो एकच होता आणि त्याचा घुमारा त्याच्याच अंगावर आला. मी तिसरं बोट मिटलं. मग आणखी एक. चौथं. मग दगड पडू लागले, टपटप, ढिगावर, पालावर. धूर आला. डोंगरावरून घुमारा परत आला आणि विरला.

माझा अंगठा उभाच होता.

मी हात पाठीमागे लपवला. का लपवला, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आप्पा माझ्याकडेच बघत होते. पण त्यांनी काही विचारायच्या आधीच एक नवा आवाज आला, आणि त्या आवाजाने सगळे जागच्या जागी थिजले.

विहिरीत पाणी पडत होतं. थेंब थेंब नव्हे. घागर उपडी करावी तशी एक जाड धार कुठूनतरी सुटली होती आणि खाली दगडांवर आदळत होती.

"लागलं!" संपतराव बांधावरून धावत सुटले. एवढा भारदस्त माणूस, धोतर वर धरून लहान पोरासारखा. "दुर्गाप्पा, पाणी लागलं! अरे, नारळ आणा कुणीतरी!"

गडी ओरडत आले. एकाने टोपी हवेत उडवली. त्या वाडीत दोन वर्षं विहिरी कोरड्या होत्या, बायका कोसभर लांबून पाणी आणत होत्या. धूर निवळत होता आणि त्यातून तो आवाज येत होता. मामा उठला, अंगावरची धूळ झाडली आणि एकदम मोठ्याने हसला. त्याला रडू येतंय की हसू, ते कळत नव्हतं.

"मी उतरतो," तो म्हणाला. "धार कुठनं आलीय बघतो. फुटलेल्या दगडांच्या ढपल्यांखाली बुजली तर पंचाईत."

"थांब," आप्पा म्हणाले. "किती झाले?"

"पाच."

"तू पळत होतास. तू मोजलेस?"

"पाच झाले, दाजी! मी मोजले."

"पाचच," एक गडी म्हणाला. "मीबी ऐकलं."

"पाच," दुसरा म्हणाला.

"आरं पाचच झाले की," संपतराव म्हणाले. ते इतके लांब उभे होते, तरी म्हणाले. "दुर्गाप्पा, पाणी भरायला लागलं की दगड काढणं किती अवघड होईल, ठाऊक हाय ना? उतरू दे त्याला."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याजवळ आले.

"तिपी, किती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामाचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. त्याने आप्पांच्या पाठीमागून माझ्याकडे बघून हाताचा पंजा उघडला. पाच बोटं. डोळ्यांनी विनवत होता. मला त्याचं म्हणणं समजत होतं. ह्या एका आकड्याने त्याची चूक पुसली जाणार होती. आप्पा पुन्हा कधी त्याला वातींवरून बोलणार नव्हते, गावभर तिम्माने पाणी काढलं असं झालं असतं. जत्रेतून मला रिबिनी आणणारा, शाळा लांब असली की खांद्यावर बसवून नेणारा माझा मामा होता तो.

"सांग की पोरी," संपतराव गोड आवाजात म्हणाले. "सगळे पाच म्हणतायत. मग तू काय वेगळं सांगणार?"

खरंच, मी काय वेगळं सांगणार होते? सगळ्यांचं एक झालं होतं. माझं तेवढं जुळवून घ्यायचं राहिलं होतं. मोठी माणसं माझ्यापेक्षा जास्त जाणत होती, आणि तो जाड आवाज दोन असणारच होता. मी तोंड उघडलं. पाच म्हणायलाच उघडलं.

आव्वा माझ्या मागे होती. जो उतरेल तो तिचाच होता, भाऊ तरी नाहीतर नवरा तरी. तिचा श्वास मला मानेवर लागत होता, भरभर, धावून आल्यासारखा. त्या श्वासाने मला एकदम दिसलं की मामा खाली उतरतोय, पाण्यात पाय टाकतोय, वाकून धार बघतोय, आणि त्याच्या पायाशी, पाण्याच्या वर, एका भोकाच्या तोंडातून एक वात अजून हळूहळू सुरसुरतेय.

"डोळं मिटून आठव," आप्पा म्हणाले.

मी डोळे मिटले. करंगळी. दुसरं. तो जाड आवाज. पुन्हा तो जाड आवाज. तो एक होता. नाही, दोन होते. पुन्हा ऐकला. एक होता. जितक्यांदा आठवला तितक्यांदा बदलला.

"मला कळलं न्हाई," मी म्हणाले.

"काय कळलं न्हाई?"

"तिसरा एक होता का दोन होते, ते. चार झाले असतील. पाच झाले असतील. मला ठाऊक न्हाई, आप्पा."

मामाचा पंजा खाली आला. "तिपी!" तो म्हणाला. "माझ्यावर भरवसा न्हाई व्हय तुझा?"

मी रडायला लागले.

"पोरीच्या बोलण्यावर काम थांबवणार का?" संपतराव म्हणाले. "एवढी माणसं सांगतायत..."

"एवढी माणसं सांगतायत," आप्पा म्हणाले, "पण मोजायला मी तिला बसवलं होतं." ते शिडीकडे गेले. "तिम्मा, पाय काढ."

"दाजी, मी सांगतो ना—"

"पाय काढ."

मामाने पाय काढला नाही. आप्पांनी त्याची बंडी धरून त्याला मागे ओढलं. दोघं पडले. मग आप्पांनी शिडी वर ओढून घेतली, गुंडाळली आणि तिच्यावर बसले. "उद्या," ते म्हणाले. "पाणी भरू दे. दारू भिजू दे. उद्या मी उतरतो."

संपतराव पाय आपटत निघून गेले. मामा बांधावर जाऊन बसला आणि जेवायलाही आला नाही. पाण्याचा आवाज मात्र येतच राहिला. जो आवाज ऐकून नाचायचं, तो आम्ही तिघं पालात पडून ऐकत होतो, आणि मला दर क्षणी वाटत होतं की आता त्या पाण्याच्या आवाजातून दुसरा आवाज येईल.

तो आला नाही.

उजाडलं तेव्हा विहिरीत मांडीइतकं पाणी होतं, गढूळ, राखेच्या रंगाचं. तळ दिसत नव्हता. भोकं त्या पाण्याखाली होती. आता डोळ्यांचा उपयोग नव्हता. ती हातांनी चाचपूनच बघायला लागणार होती. भिजलेल्या दारूचाही पुरता भरवसा नसतो. वातीच्या आतल्या टोकाला बसवलेली स्फोटक टोपी पाण्यातही उडू शकते, हे आप्पा आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून मामाला हळू आवाजात सांगत होते. मला ऐकू आलं. माझे कान तसे होते.

"मग उतरूच नगा," मामा म्हणाला. त्याचा आवाज कालच्यासारखा नव्हता.

"कुणीतरी उतरायलाच पायजे. समद्या वाडीचं पाणी हाय हे."

आप्पा शिडीवरून उतरले. गुडघा दुखत होता म्हणून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आम्ही सगळे मागे, ढिगाआड. ह्या वेळी काठावर मामा पालथा पडला होता, दोर धरून. आप्पांनी त्याला लांब जायला सांगितलं होतं, पण तो गेला नाही.

खालून पाण्याची चुळूक ऐकू यायची. मग शांत. त्या शांततेत आप्पा वाकलेले असणार, हात खांद्यापर्यंत पाण्यात असणार, बोटं खडकावर सरकत असणार. मग पुन्हा चुळूक. मी डोळे मिटले होते. आप्पांनीच शिकवलं होतं तसं ऐकत होते, आणि मला ऐकायचं काहीच नव्हतं. असा एकही आवाज होऊ नये, एवढंच मागत होते.

पुढे मी चौथीच्या वर्गाला शिकवण्यात आयुष्य घालवलं. वर्गात एखादं मूल उत्तर देता देता थांबतं, त्याचे ओठ हलतात आणि शब्द येत नाही, तेव्हा सगळा वर्ग श्वास धरून बसतो. तो क्षण फार लांबतो. त्या सकाळी तो जितका लांबला, तितका पुन्हा कधी लांबला नाही.

शिडी हलली. मामाने खाली हात घातला.

आप्पा वर आले. काठावर बसले, पाय अजून विहिरीत लोंबत होते. कपडे अंगाला चिकटले होते, मिशांतून पाणी गळत होतं. संपतराव पुढे झाले. आव्वा धावली. आप्पांनी कुणाशी न बोलता हात पुढे केला आणि म्हणाले, "पाणी."

मी तांब्या दिला. त्यांनी तोंडाला लावला आणि अर्ध्याहून जास्त पाणी छातीवर सांडलं. दगडावर घण मारताना कधी न हललेले ते हात. मी बघतेय हे त्यांना दिसलं.

"गार हाय खाली," ते म्हणाले.

"काय झालं?" संपतरावांनी विचारलं. "किती हायत?"

"पाचही गेलेत. पाची भोकं फुटलीत."

गडी हसू लागले. संपतराव कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणजे कालच उतरता आलं असतं! एक दिवस फुकट गेला की रे, दुर्गाप्पा. आम्ही समदे सांगत होतो, पाच, पाच." आणि नारळ आणायला गड्याला पिटाळलं. मामा काठावर तसाच पालथा पडून होता. त्याने तोंड हातांत लपवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सगळ्यांचं बरोबर होतं. माझं एकटीचं चुकलं होतं. माझ्यामुळे मामाची फजिती झाली, माझ्यामुळे पाणी भरलं, माझ्यामुळे आप्पांना त्या गढूळ पाण्यात हात घालावा लागला. मी हुंदके देऊ लागले.

आप्पांनी मला जवळ ओढलं. त्यांच्या ओल्या कपड्यांतून थंडी माझ्या अंगात शिरली.

"का रडतीस?"

"माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"पाच होते. मला पाच म्हणायला पायजे होतं."

"काल तुला ठाऊक होतं, पाच हायत म्हणून?"

"न्हाई."

"मग काल तू बरोबर सांगितलंस."

"पण आप्पा, पाचच होते ना!"

आप्पांनी विहिरीकडे पाहिलं. खाली धार पडत होती, आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, अजून ओला.

"व्हय," ते म्हणाले. "तरीबी."